जुन्या दुकानाची लाकडी पाटी पुन्हा रंगवायची आहे; तिचे जुनेपण खरे कसे वाटेल?

चरईकर

नमस्कार. ठाण्यात चरईत माझ्या आजोबांचे शिवणकामाचे छोटे दुकान होते आणि त्याच्या दारावर ‘कपडे शिवून मिळतील’ अशी लाकडी पाटी होती. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी होत असताना ती पाटी राडारोड्याबरोबर गेली. ती कोणी उचलली, कधी उचलली, हे आम्हाला कळलेही नाही. हाती उरले ते दुकानासमोर उभ्या असलेल्या आजोबांचे एक कृष्णधवल छायाचित्र, ज्यात पाटीचा डावीकडचा जेमतेम अर्धा भाग दिसतो, आणि आमच्या माजघराच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या, ज्या मी हट्टाने मागून घेतल्या. त्या एकावर एक जोडल्यावर चार फूट लांब आणि दहा इंच रुंद पाटी होते. यंदा दिवाळीत बाबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील, त्याआधी ही पाटी तयार व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाबांच्या आठवणीप्रमाणे पाटीची जमीन गडद हिरवी होती आणि अक्षरे पिवळसर पांढरी.

सराव म्हणून खोक्याच्या पाइनच्या फळीवर रंग दिला, तो पॉलिश पेपरने सगळीकडे घासला आणि वरून तपकिरी पाणी फिरवले. फळी मळकट दिसू लागली, पण जुनी वाटली नाही. तैलरंग वापरावा की ॲक्रिलिक, भेगा कशा आणाव्यात आणि अक्षरे कशी आखावीत, हे कृपया सांगावे. पाटी पश्चिमेकडच्या बाल्कनीत लागणार आहे आणि तिथे पावसाची झड येते.

कुंचला

ताई, मी कळव्यात राहतो आणि आयुष्यातली बरीच वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली आहेत, म्हणून मी फक्त अक्षरांविषयी लिहितो. जुनेपणाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी चांगली नवी पाटी करा. आपल्या आजोबांची पाटी रंगवणाऱ्याने ती नवीच रंगवली होती आणि पुढचे काम उन्हापावसाने केले. अक्षर कच्चे असेल, तर त्यावर कितीही घासकाम केले तरी ते कच्चेच दिसते.

दहा इंचांच्या रुंदीत अक्षराची मूळ उंची चार इंच धरावी, शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांटीसाठी दोन इंच आणि खाली उकारासाठी दोन इंच सोडावेत, म्हणजे वरखाली एकेक इंचाची किनार उरते. नवशिके बहुतेक वेळा वरची जागा विसरतात आणि मग ‘शि’ची वेलांटी किनारीला टेकते. आखणी पूर्ण आकाराच्या कागदावर करा, रेघांवर सुईने जवळजवळ भोके पाडा, कागद फळीवर चिकटवून त्यावरून खडूच्या पुडीची पुरचुंडी थोपटा. हिरव्या जमिनीवर ठिपक्यांच्या ओळी उमटतात आणि पेन्सिलीचे ओरखडे राहत नाहीत.

संगणकावरचा फाँट काढून गिरवू नका, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. पुष्कळ फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी ‘ल’ पाकळ्यांचा असतो आणि ‘श’ देठाचा. २००९ च्या शासननिर्णयातही हीच रूपे मान्य झाली आहेत. आपल्या पाटीत नेमकी ही दोन्ही अक्षरे आहेत. छायाचित्रात ‘कपडे शि’ एवढे दिसत असेल, तर ‘श’ मिळालाच; ‘ल’ मात्र त्याच हाताच्या वळणाने घडवावा लागेल, आणि त्यासाठी ‘क’चे पोट किती फुगीर आहे ते पाहा. आपल्या लिपीत बोरूची टाक रोमन लिपीच्या उलट बाजूने तिरपी कापतात, त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. हे उलटे झाले, तर वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अक्षर परके वाटते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून आहे, जाऊन जुन्या पुस्तकांची शीर्षकपृष्ठे पाहायला मागा. तासभर पाहिले तरी डोळा तयार होतो.

रंग तैलरंगच घ्यावा. पांढऱ्यात चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, आणि किंचित काजळी मिसळली, की बाबा म्हणतात तो पिवळसर पांढरा मिळेल. टर्पेंटाइन थेंबाथेंबाने घाला, कारण पातळ रंग ओघळतो. मनगटाखाली आडवी काठी धरली, तर हात ओल्या रंगाला लागत नाही. शिरोरेषा सर्वांत शेवटी, शब्दागणिक एका दमात ओढा.

रंधा आणि पटाशी

मी वाशीत जुन्या लाकडाचे सामान दुरुस्त करते. वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. जुनेपणाचे काय करावे, तेवढे सांगते.

तुमची सरावाची फळी फसली, कारण तुम्ही ती सगळीकडे सारखी घासलीत. खरी पाटी सारखी झिजत नाही. पाणी आधी शिरते ते फळीच्या कापलेल्या टोकांतून, म्हणून रंग तिथे प्रथम सुटतो. त्यानंतर पाणी साचणारी वरची कड आणि थेंब लोंबकळणारी खालची कड जाते. खिळ्यांभोवती रंग फुगतो आणि खिळ्याखाली गंजाचा ओघळ उतरतो. पाटी उंचावर असल्यामुळे तिला माणसांचे हात लागत नाहीत, म्हणून मध्यावर हाताच्या झिजेसारखे गुळगुळीत डाग काढले तर ते खोटे दिसतात. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तुमचे दुकान कोणत्या दिशेला तोंड करून होते ते बाबांना विचारा आणि ज्या टोकाला झड बसत असेल, ते टोक अधिक झिजवा.

यासाठी मला मेणबत्तीची रीत सर्वांत विश्वासाची वाटते. कोरड्या लाकडावर, जिथे रंग उडालेला हवा तिथेच, मेणबत्तीचा तुकडा लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायचा आणि वरून हिरवा रंग द्यायचा. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे वाळल्यावर बोथट पट्टीने खरवडले की तो पापुद्र्याने सुटतो आणि त्याची कड खऱ्या उडालेल्या रंगासारखी तुटक येते. पॉलिश पेपरने ती कधीच तशी येत नाही. अक्षरे काढण्याआधी हिरव्यावरही दोनतीन जागी असेच मेण लावा. शेवटी उरलेले मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर वरचा वॉर्निश धरणार नाही.

भेगांसाठी दोन रंगांच्या मध्ये फेविकॉलचा थर देतात आणि तो चिकट असतानाच वर ॲक्रिलिक लावतात; वरचा थर लवकर वाळून आकसतो, खालचा अजून हलत असतो, म्हणून वरचा फाटतो. थर जाड असला तर भेगा रुंद येतात, पातळ असला तर बारीक. घरातल्या शोभेच्या वस्तूला हे ठीक आहे. तुमच्या बाल्कनीत मात्र हे करू नका. तो थर ओलाव्याने मऊ पडतो आणि वरचा रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटू शकतो. शिवाय लाकडावरच्या जुन्या तैलरंगाला भेगा बहुधा लाकडाच्या रेषेत पडतात, तळ्याच्या सुकलेल्या चिखलासारख्या जाळीदार नाहीत.

तुमच्या फळ्या आधीच जुन्या आहेत, त्यांना तपकिरी पाण्याची गरज नाही. नव्याने कापलेली टोके तेवढी फिकट दिसतील. व्हिनेगरमध्ये लोखंडी लोकर दोनतीन दिवस बुडवून ते पाणी गाळून टोकांना लावा. लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी लोहाचा संयोग होऊन करडा काळपटपणा येतो. पाइनमध्ये टॅनिन कमी असते, म्हणून सरावाच्या तुकड्यावर आधी कडक चहाचे पाणी लावून मग हे करून पाहा.

दोन फळ्या मागून आडव्या पट्ट्यांनी जोडताना पट्ट्यांतील स्क्रूची भोके लांबट ठेवा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते. घट्ट आवळले तर फळी चिरते.

नौपाड्याहून

वरील माहिती उत्तम आहे, परंतु एक महत्त्वाची गोष्ट राहिली. दाराच्या जुन्या फळ्यांवर जुना तैलरंग असेल, तर त्यात शिसे असण्याची बरीच शक्यता आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून तो रंग कोरडा घासू नये. फळी ओली ठेवून घासावी, मुखपट्टी लावावी, खाली कागद पसरावा, लहान मुलांना त्या जागी येऊ देऊ नये आणि निघालेला गाळ कागदासकट बांधून टाकावा.

वरच्या लेपाविषयीही लिहितो. चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश दिसते सुंदर, पण पावसाळी दमटपणात पांढुरके पडते. बाहेरच्या वापरासाठीचा, चमक नसलेला वॉर्निश घ्यावा आणि तो मागच्या बाजूला व टोकांनाही द्यावा. जिथे लाकूड उघडे ठेवायचे आहे तिथे त्याऐवजी बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, मुरवता येईल. मात्र तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मगच टाका.

चरईकर

आपणा सर्वांची मी फार आभारी आहे. कोकणवासी चुलत्यांनाही विचारले. दुकानाचे तोंड पश्चिमेकडे होते आणि डावे टोक पन्हळीखाली येत असे, हे त्यांना पक्के आठवते. तेव्हा झीज डावीकडे अधिक येईल. मेणाची रीत पाइनवर करून पाहिली. बाबांनी तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि “हे आपल्या पाटीसारखे उडाले आहे” असे म्हणाले, तेव्हा मला फार बरे वाटले. कागदावरच्या ‘श’चा देठ मात्र आखूड झाल्याचे त्यांनी लगेच दाखवून दिले.

एक शंका उरली आहे. वरच्या फळीत, डाव्या टोकापासून सुमारे चौदा इंचांवर, दाराच्या कडीचे भोक आहे. ते लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवावे का?

कुंचला

बुजवू नका. लांबी पुढे आकसून निघेल आणि त्या जागी वर्तुळ दिसत राहील. चौदा इंचांवर ‘कपडे’ संपून ‘शिवून’ सुरू होण्याची जागा येते, म्हणून कागद फळीवर सरकवून भोक दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल असे पाहा. ‘कपडे’ अर्धा इंच सैल काढावे लागले तरी चालेल. भोकाच्या आतल्या कडेला बेलतेल मुरवा आणि रंगकाम नवरात्रातल्या कोरड्या उन्हात करा. ओल्या हवेत तैलरंगाला वाळायला फार वेळ लागतो. ‘ल’ काढून झाला, की रंग लावण्याआधी कागदाचे छायाचित्र इथे टाका, मी पाहून सांगतो.