मुंबई–दुबई विमानाला किती वेळ? सीमाभागातल्यांनी आपले अनुभव लिहा

आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. त्यांना भेटायला निघालेले आई-वडील पहिलं हेच विचारतात, "विमानात किती तास?" मुंबई–दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. पण बेळगाव-निपाणीहून निघणाऱ्याला एवढ्यानं भागत नाही. घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंतचं सगळं लिहा. वडीलधाऱ्यांना एकटं पाठवलं असेल, तर जरूरच लिहा.

खानापूरहून :
तिकिटावर सुटायची वेळ सकाळी १०, पोचायची ११:४५. आई म्हणाली, "हे तर पुण्याला जायपेक्षा लवकर झालं की!" दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. पावणेदोन तास धरून बसली असती तर मधेच तिचा जीव घाबरला असता. तिकिटाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात 'आपले १:१५, तिकडचे ११:४५' असं लिहून दिलं. विमानात ती तेच काढून बघत होती म्हणे.

दुबईहून, मूळचा चिकोडीचा :
येताना वेळ कमी लागतो, हे घरी आधीच सांगा. त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो. दुबईला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सहज पडतो.

निपाणीहून :
आमची खरी दमछाक जमिनीवर झाली. मुंबईची रात्रीची स्लीपर गाडी, पहाटे ठाण्याच्या अलीकडं गाड्यांची रांग, आणि बाबांचं सारखं घड्याळ बघणं. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं असतं. माझं स्पष्ट मत, सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. नातेवाइकाकडं मुक्काम करा, पण त्याच रात्रीच्या गाडीवर विसंबू नका. आणि कुंद्याचे डबे, लोणचं मोठ्या बॅगेत भरा. बॅग घरीच काट्यावर तोला, काउंटरसमोर उघडून सामान काढायची पाळी म्हाताऱ्या माणसांवर आणू नका.

सांबऱ्याजवळून :
सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं जाणाऱ्यांनी मुंबईत कुठं उतरणार ते आधी बघावं. टी-१ ला (टर्मिनल १) उतरलात तर दुबईच्या विमानासाठी टी-२ गाठावं लागतं. ते लगतच्या इमारतीत नाही, बाहेर पडून रस्त्यानं जावं लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मध्ये पाच-सहा तास ठेवा.

टिळकवाडीहून :
आमचं सिंगापूर, बेंगळुरूमार्गे. हवेत साडेचार तास, पण तिथलं घड्याळ अडीच तास पुढं. रात्री ११ ला सुटलेलं विमान सकाळी ६ ला उतरलं, झोप अर्धीच झाली. पहिल्या दिवशी फिरायचं काही ठरवू नका.

वडगावहून :
आईचे गुडघे दुखतात, इतकं चालणं जमेल का?

खानापूरहून :
तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. माणूस सोबत येतो, इमिग्रेशनलाही तोच नेतो. आमच्या आईला भाषेची अडचणही त्यामुळेच आली नाही.