घरच्या पाळणाघराची तपासणी आहे, तयारी काय करू?

कोथरूडची_मावशी
नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहत्या घरीच पाळणाघर चालवते, तळमजल्यावर टू बीएचके आहे, दीड ते पाच वर्षांची मुलं येतात. आता एका आयटी कंपनीने विचारलंय की आमच्या स्टाफची मुलं सांभाळाल का, आणि त्याआधी त्यांच्या एचआरच्या मॅडम आणि सेफ्टीवाले घर बघायला येणार आहेत. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघराची सोय द्यावी लागते, म्हणून ते नीट पारखूनच घेणार. शॉप ॲक्टची पावती आणि सोसायटीची एनओसी आहे. बाकी काय बघतात? घराला रंग काढू का, भिंतींवर चित्रं लावू का, नवी खेळणी आणू का? मुलं माझ्याकडे खूश असतात हो, पण ते यांना दाखवायचं कसं?

कर्वेनगर_पाळणाघर
रंगबिंग काही काढू नका ताई, वासाने मुलांनाच त्रास होईल. आमच्याकडे अशीच पाहणी झाली तेव्हा आलेल्या बाई हॉलकडे न बघता थेट बाथरूममध्ये गेल्या. आमच्याकडे पाणी एकवेळ येतं म्हणून बादल्या, पिंपं भरून ठेवतो ना, तेच त्यांनी आधी बघितलं. लहान मूल पाण्यात डोकावलं आणि तोल गेला की डोकं जड असल्याने त्याला वर येता येत नाही, दोन-चार इंच पाणीसुद्धा पुरतं त्याला. पिंपाला घट्ट झाकण, बादल्या पालथ्या आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी, एवढं आजच करा. डेंग्यूचे डासही अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, झाकणाने तेही थांबतं. फिनेल, ॲसिड, घरच्यांच्या गोळ्या वर कुलपात.

आणि रजिस्टर! तुम्ही विचारताय ना कसं दाखवायचं, तर असं. "११:४० अर्धी वाटी वरणभात, १२:१५ ते १:५० झोप, ४:१० उजवा गुडघा खरचटला, धुतला, आईला फोन केला." जेव्हाचं तेव्हाच लिहा. आदल्या रात्री बसून एका पेनाने महिनाभराचं भरलं की लगेच कळतं, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सेफ्टी_पुणे
मी याच कामात आहे. अग्निशामक सिलिंडर एबीसी टाइपचा (लाकूड-कापड, तेल, गॅस अशा आगींवर चालणारा) घ्या, त्यावरचा दाबाचा काटा हिरव्यात हवा, सर्व्हिसिंगची तारीख वाचता आली पाहिजे आणि तो किचनच्या दाराबाहेर लावा, गॅसच्या मागे लावलात तर आग लागल्यावर हात कसा पोचणार. वायरमनकडून ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते? हा प्रश्न आम्ही मालकिणीला विचारतच नाही, मदतनीस बाईंना विचारतो. दुपारी सगळी झोपलीयेत आणि धूर आला तर आधी कोणाला उचलायचं, कोणत्या दाराने निघायचं, हे त्यांना न अडखळता सांगता आलं पाहिजे. ११२, १०१, १०८ आणि मुलांची हेल्पलाइन १०९८ दाराजवळ मोठ्या अक्षरात लावा.

आई_बाणेर
मी आई म्हणून सांगते, मुलीसाठी पाळणाघर शोधताना माझा पहिला प्रश्न होता की घरात दिवसभर आणखी कोण असतं. सासरे, दीर, कॉलेजातला मुलगा, कोणीही असो, ते उघड सांगा, लपवू नका. मदतनीस बाईंचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. न्यायला कोण येणार त्यांचे फोटो आणि नंबर पालकांच्या सहीने ठेवा, म्हणजे ऐनवेळी "मी काका आहे" म्हणणाऱ्याच्या हातात मूल जाणार नाही. तापाचं औषध लेखी परवानगीशिवाय देऊ नका, डोस पण लिहून घ्या.

कोथरूडची_मावशी
खूप आभार सगळ्यांचे, पिंपाची झाकणं आजच आणते. एकच अडचण आहे, माझ्या मदतनीस ताई फार मायेने करतात पण त्यांना लिहिता येत नाही, मग मी बाजारात गेले तर नोंद कशी होणार?

कर्वेनगर_पाळणाघर
त्यांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकायला शिकवा, वेळ आपोआप पडते. तुम्ही आल्यावर रजिस्टरमध्ये उतरवा आणि पुढे "ताईंनी सांगितलं" असं लिहा. आमच्याकडे हे चाललं, कोणी हरकत घेतली नाही. फक्त तुम्ही बाहेर असताना मुलांजवळ त्या एकट्याच असतात का, हे ते नक्की विचारतील, तेव्हा दुसऱ्या बाई बघायला लागा.