सरकारी लग्न वेगळं, चर्चमधलं लग्न वेगळं, मग समलिंगींच्या सरकारी लग्नाला कॅथलिक चर्चचा विरोध कशासाठी?

निरंतर_भटका

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन कॅथलिकांनी नुसतं रजिस्टर लग्न केलं तर चर्चच्या लेखी ते लग्न झालेलंच नसतं. अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर झालं तरच ते लग्न. हा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने (चर्चच्या बिशपांची मोठी सभा) आणला, त्याआधी दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लपूनछपून का होईना पण लग्न लागलं असं खुद्द चर्चच धरायचं. घटस्फोटाचंही तेच, कोर्टाने दहा वेळा दिला तरी चर्चसाठी नवराबायको ते नवराबायकोच. म्हणजे सरकारच्या वहीत एक आणि चर्चच्या वहीत दुसरंच, ही व्यवस्था चर्चला नवीन नाही.

आणि चर्च त्यासोबत जगायलाही शिकलंय. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ ला, लग्न सरकारकडे गेलं. आजही तिथे आधी मेयरच्या कचेरीत सह्या, मग चर्च, आणि हा क्रम सर्रास उलटा करणाऱ्या धर्मगुरूला कायद्याने शिक्षा होऊ शकते. इटलीत १९७० ला घटस्फोटाचा कायदा आला, चर्चने जीव तोडून विरोध केला, १९७४ च्या सार्वमतात ५९ टक्के लोकांनी कायदा राहू दे म्हटलं. आज तिथला कुठला बिशप तो कायदा रद्द करा म्हणून मोर्चा काढतो?

मग समलिंगी लग्न म्हटलं की सगळं का बदलतं? २००३ मध्ये व्हॅटिकनने पत्रक काढलं, सही रात्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. त्यात लग्न तर सोडाच, समलिंगी जोडप्यांना कसलीही कायदेशीर मान्यता देणाऱ्या विधेयकाविरुद्ध कॅथलिक लोकप्रतिनिधींनी मत द्यायलाच हवं असं म्हटलंय. २०१५ ला आयर्लंडमध्ये समलिंगी लग्नाला सार्वमतात ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं, तर व्हॅटिकनचे पारोलिन म्हणाले हा मानवतेचा पराभव आहे. अहो, मानवतेचा?

माझं म्हणणं एवढंच की सरकारने सगळ्यांची लग्नं नोंदवावीत, चर्चने आपल्या वेदीपुरतं बघावं. कोणाला पटत नसेल तर का ते सांगा, पण "बायबलमध्ये लिहिलंय" एवढ्यावर थांबू नका प्लीज.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मेणबत्ती

बायबल न काढता बोलते. तुम्ही अर्धाच नियम सांगितलात. धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांची अट फक्त कॅथलिकांना आहे. दोन हिंदूंनी, दोन मुसलमानांनी, दोन नास्तिकांनी रजिस्टर लग्न केलं तर चर्च ते खरंखुरं लग्न मानतं. दोन प्रोटेस्टंट रजिस्ट्रारकडे गेले, दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल आणि दुसरी काही अडचण नसेल, तर चर्चच्या दृष्टीने तिथे चक्क संस्कार घडतो, आसपास एकही फादर नसताना! कारण लॅटिन (म्हणजे रोमन) परंपरेत लग्नाचा संस्कार फादर देतच नाहीत, नवरा नि नवरी एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात.

थोडक्यात "सरकारी वेगळं, चर्चचं वेगळं" हे चर्चचं म्हणणं कधीच नव्हतं. लग्न चर्चच्याही आधीचं आहे, निर्मितीपासूनचं आहे, आणि ते स्त्री-पुरुषाचं आहे, ही शिकवण. त्यामुळे लग्न म्हणजे काय हे सरकार नव्याने ठरवायला निघालं तर चर्चने गप्प बसून आपली वेदी पुसत राहावं ही अपेक्षा चर्चच्या स्वतःच्या तर्कात बसत नाही. तुम्हाला तो तर्क मान्य नसेल, ठीक आहे, पण तो समजून न घेता दुटप्पी म्हणू नका.

लॉजिकलाल

म्हणजे रजिस्ट्रारच्या टेबलावर नास्तिकांचं लग्न पवित्र, आणि रोज मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जाणाऱ्या दोन बायकांचं नाही. बरं. निर्मितीपासूनचं म्हणजे मुलं होण्यासाठी असंच ना? मग सत्तरीच्या आजी-आजोबांचं लग्न चर्च धूमधडाक्यात कसं लावतं? तिथे कोणती निर्मिती अपेक्षित असते?

मेणबत्ती

@लॉजिकलाल हा प्रश्न येणार हे माहीतच होतं. मूल न होणं हा चर्चच्या कायद्यात लग्नाला अडथळा नाहीच. शरीरसंबंधच कायमचा अशक्य असणं, तोही लग्नाआधीपासून, हा अडथळा आहे. फरक काय तर संबंधाचं स्वरूप काय हे बघतात, निकाल काय लागतो ते नाही. तुम्हाला हे बाल की खाल वाटेल पण शेकडो वर्षं विचार करून मांडलेलं आहे, कालपरवा समलिंगींना अडवायला काढलेली पळवाट नाहीये.

लॉजिकलाल

शेकडो वर्षं विचार केला म्हणून बरोबर असतं तर गॅलिलिओला घरात कोंडायची वेळच आली नसती. असो.

कायदेपंडित_नव्हे

दोघांचं ऐकलं, आता मी एक उदाहरण देतो, काल्पनिक आहे पण असे प्रकार चर्चच्या कचेऱ्यांना चांगले माहीत आहेत. एक कॅथलिक मुलगा आणि एक कॅथलिक मुलगी, दोघं चर्चमध्ये न जाता रजिस्टर लग्न करतात. बारा वर्षं संसार, दोन मुलं, घराचं कर्ज, सगळं. मग बिनसतं, कोर्टातून घटस्फोट होतो. आता त्या मुलाला दुसऱ्या मुलीशी चर्चमध्ये लग्न करायचंय. तुम्हाला वाटेल घटस्फोटित माणसाला चर्च दारात उभं करणार नाही. प्रत्यक्षात काय होतं? बाप्तिस्म्याचा दाखला, सरकारी लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा आदेश, आणि मधल्या काळात चर्चमध्ये लग्न लावून घेतलेलं नाही याची खातरजमा. झालं. खटला नाही, साक्षीपुरावे नाहीत, कारण विधीच झाला नव्हता म्हणजे लग्नच नव्हतं. पहिल्या बायकोमुलांची जबाबदारी झटकत नाहीये ना एवढं बिशपच्या कचेरीतून बघतात, आणि मग वेदीवर फुलं, ऑर्गन, सगळं थाटात.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे समास असतो, चर्चमध्ये लग्न झालं की ते तिथे लिहितात, म्हणूनच लग्नाआधी ताजा दाखला मागतात, जुना चालत नाही. या मुलाच्या नावापुढचा समास बारा वर्षांच्या संसारानंतरही कोरा! आणि याच मुलाची शेजारीण, चर्चमध्ये लग्न केलेली, नवऱ्याने मारहाण करून हाकलून दिलेली, तिला मात्र पहिलं लग्न मुळात अवैध होतं हे चर्चच्या न्यायासनापुढे सिद्ध करावं लागतं, लग्नाच्या दिवशी कोणाच्या मनात काय होतं याच्या लेखी प्रश्नावल्या, साक्षीदार, हे आणि ते. २०१५ ला पोप फ्रान्सिसनी प्रक्रिया थोडी सुटसुटीत केली, दुसऱ्या न्यायासनाकडून शिक्कामोर्तब लागायचं ते काढलं, तरी जीव दमतोच.

@मेणबत्ती तुमचा तर्क मला कळतो, पण लग्न जर निर्मितीपासूनचं आहे, तर त्या दोन कॅथलिकांचं बारा वर्षांचं लग्न निव्वळ विधी चुकला म्हणून शून्य कसं? दोन नास्तिकांचं तसंच लग्न मात्र वैध. म्हणजे चर्चलाही व्यवहारात सरकारी आणि चर्चचं वेगळं करावंच लागतं, सोयीचं असतं तेव्हा. मूळ धाग्यातला मुद्दा इथे टिकतो असं माझं मत.

मेणबत्ती

सोय नाही हो, गुप्त लग्नांचा सुळसुळाट झाला होता म्हणून ट्रेंटने तो नियम केला. पुरुष खुशाल नाकारायचे की मी हिला शब्द दिलाच नव्हता, आणि बाई लटकायची. साक्षीदार लागतात ते म्हणून. पण त्या बारा वर्षांच्या उदाहरणाने मलाही त्रास होतो, ते मी नाकारत नाही.

जुनी_वही

इथे सगळे चर्चने सरकारला एकटं सोडावं म्हणतायत, सरकार चर्चला एकटं सोडतं का हे कोणी विचारत नाहीये. मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी जोडप्यांना मुलं दत्तक देण्याची सक्ती मान्य नाही म्हणून बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजने २००६ ला दत्तक देण्याचं कामच बंद केलं. इंग्लंडमध्ये २००७ च्या भेदभावविरोधी नियमांनंतर कॅथलिक दत्तक संस्थांना २००८ अखेरपर्यंत मुदत मिळाली, मग काही बंद पडल्या, काहींनी चर्चशी नातं तोडलं. ज्या पोरांना घर मिळायचं त्यांचं नुकसान झालं. आधी "तुमची वेदी तुमची" म्हणायचं आणि मग वेदीच्या बाहेर चर्च जे काही करतं तिथे नियम लावायचे. त्यामुळे भटके साहेबांचा हा वाटणीचा तोडगा कागदावर छान आहे, प्रत्यक्षात रेष कोण कुठे मारणार?

निरंतर_भटका

@जुनी_वही रेष अवघड आहे, पण मारता येते. सरकारी परवान्यावर सरकारचं काम करता तेव्हा सरकारचा नियम, मिस्सेत तुमचा नियम. नियमच नको तर परवाना घेऊ नका. मुलांचं नुकसान झालं त्यात संस्था बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्यांचा काहीच वाटा नाही का?

@मेणबत्ती दोन प्रोटेस्टंटांचा मुद्दा मस्त आहे, पण त्याने माझाच प्रश्न अजून टोकदार होतो. चर्च घटस्फोटानंतरच्या सरकारी लग्नाला लग्न मानत नाही, त्याला व्यभिचार म्हणतं, तरी घटस्फोटितांना सरकारी लग्न करू देऊ नका म्हणून आज कोणी पत्रकं काढत नाही. दोन्ही जर निर्मितीच्या विरुद्ध तर एकाशी जुळवून घेतलं आणि दुसऱ्याशी युद्ध, हे कसं? युद्ध हा शब्द माझा नाही हां, २०१० ला अर्जेंटिनात समलिंगी लग्नाचा कायदा येताना तेव्हाचे कार्डिनल बर्गोलिओ यांनी मठातल्या सिस्टरांना लिहिलेल्या पत्रात हे देवाचं युद्ध आहे असंच म्हटलं होतं. तेच पुढे पोप फ्रान्सिस. आणि त्याच वेळी आतल्या बैठकीत ते लग्नाऐवजी सिव्हिल युनियनचा (लग्न न म्हणता जोडप्याला कायदेशीर मान्यता) तोडगा सुचवत होते असं त्यांचे चरित्रकार सांगतात. २०२० ला एका माहितीपटात तेच उघड बोलले की समलिंगींना कायद्याचं संरक्षण हवं, सिव्हिल युनियनचा कायदा हवा. २००३ चं पत्रक मात्र अजून कोणी मागे घेतलेलं नाही.

तिसरा_बाक

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी गे आहे आणि कॅथलिक आहे, दोन्ही, आणि दर रविवारी मिस्सेला जातो. इथे सगळे माझ्याबद्दलच बोलतायत तर मीही बोलतो.

१९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, माझ्याबद्दल तीन परिच्छेद आहेत, २३५७ ते २३५९. पहिल्यात समलिंगी संबंध मुळातच बिघडलेले. दुसऱ्यात आम्हाला आदराने, कळवळ्याने वागवा. तिसऱ्यात आम्ही आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळायचं. लोक आपापल्या सोयीने एकेक परिच्छेद वाचतात, मला तिन्ही एका दमात गिळावे लागतात.

१८ डिसेंबर २०२३ ला समलिंगी जोडप्यांनाही आशीर्वाद देता येईल असं सांगणारं व्हॅटिकनचं पत्रक आलं, फिदुचिया सुप्लिकान्स, तेव्हा मी नि माझा जोडीदार आम्ही दोघं एका फादरकडे गेलो. भले गृहस्थ. मिस्सा संपल्यावर, लोक पांगल्यावर, बाजूच्या दारापाशी. त्यांनी आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग त्याच्या. दोघांवर एकदम ठेवला नाही. प्रार्थना चांगली होती, काम मिळो, तब्येत राहो, एकमेकांना धीर द्या. पुस्तक नव्हतं, कारण ठरलेला विधी वापरायचा नाही असं पत्रकातच आहे, लग्नासारखे कपडे नकोत, सरकारी नोंदणीच्या दिवशी तर नकोच. दोन आठवड्यांनी व्हॅटिकनचा खुलासा आला त्यात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा असं लिहिलेलं. आमचा थोडा जास्त झाला असावा. आणि त्याच जानेवारीत आफ्रिकेतल्या बिशपांनी एकत्र येऊन सांगितलं की आमच्याकडे हेही होणार नाही.

@निरंतर_भटका तुमचा तोडगा तुम्हाला उदार वाटतो पण त्यात मी कुठे बसतो? सरकारकडे जा, तिथे तुझी सोय होईल, आणि वेदी त्यांची. वेदी माझीही आहे हो. मला सरकारी लग्न हवंच आहे, वारसा, दवाखान्यात सही करायचा हक्क, हे काही फादर देणार नाहीत. पण ते मिळालं की चर्चचा प्रश्न मिटला असं नाही.

लॉजिकलाल

@तिसरा_बाक मनापासून विचारतो, टोमणा नाही. जिथे तुम्हाला बिघडलेलं म्हणतात तिथे जाताच कशाला?

तिसरा_बाक

जन्म तिथला आहे म्हणून. आणि जाणं बंद केलं तर बदल कोण मागणार? २०२२ च्या जानेवारीत जर्मनीत चर्चमध्ये नोकरी करणाऱ्या १२५ जणांनी एकदम जाहीर केलं की आम्ही समलिंगी वगैरे आहोत. फादर, धर्मशिक्षक, कचेरीतले लोक. नोकरी जायची भीती खरी होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिथल्या बिशपांनी नोकरीचे नियम बदलले, कर्मचाऱ्याच्या खाजगी संबंधांवरून कारवाई नाही. बाहेर पडलेल्या लोकांनी ते घडवलेलं नाही.

मेणबत्ती

@तिसरा_बाक तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला मी दोनदा लिहून खोडलं. माझी श्रद्धा चर्चच्या शिकवणीवर आहे आणि राहील, आता पोप म्हणून लिओ चौदावे आलेत त्यांनीही २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या मुलाखतीत सांगितलंय की ही शिकवण नजीकच्या काळात बदलणं फारच कठीण. पण दोघांच्या डोक्यावर वेगवेगळा हात ठेवण्याबद्दल पत्रकात काही नाही. पत्रक जोडप्यांना आशीर्वाद देण्याबद्दलच आहे, फक्त त्यांचं नातं वैध ठरवायचं नाही. ते तुमच्या फादरांनी स्वतःचं घातलेलं.

कायदेपंडित_नव्हे

फादरांनी तरी काय करावं, जोडप्याला द्या पण नात्याला नको, हे दोन हातांनी करून दाखवायचं कसं?

चहाटळ

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. @तिसरा_बाक, सरकारी नोंदणी झाली तुमची की अजून वाट बघताय?

तिसरा_बाक

वाट बघतोय. चर्चची पण, सरकारची पण. सध्या सरकार किंचित पुढे आहे.