मदत हवी आहे: भंगारातल्या फौजी काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात का?

गाव देवळी तालुक्यात, जिल्हा वर्धा. काकांकडे .३१५ रायफल आहे, परवाना रीतसर. आमच्या चुलतभावानं भंगारवाल्याकडून अर्धं पोतं पितळी पुंगळ्या आणल्या. अमेरिकेतले लोक फौजेतून निघालेल्या पुंगळ्या घरीच भरतात, हे त्यानं व्हिडिओत पाहिलं. आता एकच धोशा: "काहाले महाग काडतुसं घेता, आपणच भरू नं!"

पुंगळ्यांच्या बुडावर इंग्रजीत के एफ, ४३ आणि रोमन सात आहे. आत टॉर्च मारला तर तळाला दोन बारीक भोकं दिसतात. काहींच्या टोपीवर (बुडातली, ठोका बसला की पेटणारी चकती) पिनचा खड्डाच नाही. .३१५ ला चालतील का? आणि घरात ठेवल्या तर कायद्यानं काही भानगड?

प्रतिसाद:
के एफ म्हणजे खडकीचा कारखाना, ४३ म्हणजे १९४३, रोमन सात म्हणजे मार्क ७, सातवी आवृत्ती. माल .३०३ रायफलीचा आहे. त्याचं बूड .३१५ पेक्षा बारीक, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) सैल बसून पितळ फाटेल आणि गॅस तोंडावर येईल. दोन भोकं म्हणजे बर्डन पद्धत. व्हिडिओतल्या बॉक्सर पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, त्यातून पिन घातली की जुनी टोपी निघते. इथे ते जमत नाही. शिवाय फौजी पितळ बऱ्याचदा जाड असतं, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. तिकडचेही भरताना दारू कमी करतात.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यात मोडतात. कलम ४५ ची सूट आहे, पण ती जोडीच्या भागांसोबत (दारू, गोळी वगैरे) वापरायचा इरादा नसेल तरच. तुमच्या भावाचा इरादा तर गावभर झालेला दिसतो! काडतूस बनवायला कलम ५ चा वेगळा परवाना लागतो, काकांच्या परवान्यात तो येत नाही.

खड्डा नसलेल्या टोप्या मात्र आधी बघा. त्या जिवंत असू शकतात. ठोकू नका, तापवू नका, पितळ वितळवायचा विचारही नको. तुमच्याच तालुक्यातल्या पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करायच्या कामात स्फोट होऊन सहा माणसं गेली, तुम्हाला सांगायला नको.

धागाकर्ता:
मग पोतं भंगारवाल्याला परत करू का?

प्रतिसाद:
नको, तो भट्टीत टाकेल. पोतं आहे तिथेच राहू द्या, पोरांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन करा. भंगारवाल्याचं नाव पोलीस विचारतीलच, भावाला सरळ सांगू द्या.