ट्रॅक्शन: पकड, ओढ की कर्षण?

ऐरोलीकर

भाच्याने जुनी हॅचबॅक घेतली आणि तिला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, बसवून घेतला. गेल्या रविवारी तुर्भ्याच्या गॅरेजात मलाही घेऊन गेला. मी स्टुलावर बसून दोन कटिंग संपवले आणि तासभर त्यांचं बोलणं ऐकलं. 'पहिल्या गिअरला ट्रॅक्शनच मिळत नाही', 'बूस्ट (हवेचा जादा दाब) थोडा कमी करू', 'पण इंजिन रिलायबल राहिलं पाहिजे हां'. क्रियापदं तेवढी मराठी. पोटापाण्याला भाषांतरं करतो, त्यामुळे हात शिवशिवले.

घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "ट्रॅक्शन? कोणाच्या कमरेला?" तिला एकदा लावलं होतं, पलंगाच्या पायथ्याशी वजनं लटकवून. तिच्या लेखी ट्रॅक्शन म्हणजे तेच.

तर मंडळी, ट्रॅक्शन, सुपरचार्जर आणि रिलायबल, या तिघांना काय म्हणाल? 'कर्षण' मला माहीत आहे. पण "मामा, कर्षण मिळत नाहीये" असं भाचा या जन्मी म्हणणार नाही.

कळवा कारशेड

कर्षणाला हसू नका, रेल्वेत तो रोजचा शब्द आहे. 'कर्षण उपकेंद्र' अशा पाट्या लागतात आणि लोक त्या वाचून सुखाने नोकरी करतात. एक मात्र खरं, चाक घसरलं की आम्हीही 'व्हील स्लिप'च म्हणतो. पावसात चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की लोको पायलट रुळावर वाळू सोडतो. इंजिनावर वाळूच्या पेट्याच असतात त्यासाठी. म्हणजे कर्षण कमी पडलं म्हणून घर्षण वाढवलं. यमक जुळतं, पण वस्तू दोन आहेत.

नौपाडा

यमक जुळलं तरी धातू वेगळे. घृष् म्हणजे घासणे, त्यातून घर्षण. कृष् म्हणजे ओढणे, नांगर ओढणे. त्यातून कर्षण, आकर्षण आणि आपली कृषी. बलरामाचं एक नाव संकर्षण, आणि खांद्यावर नांगर. तिकडे लॅटिनमध्ये 'ट्राहेरे' म्हणजे ओढणे, त्यातून ट्रॅक्शन आणि ट्रॅक्टर. शेतात ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा दोन्ही भाषांतली ओढ एकाच बांधावर आलेली असते. आजींचंही बरोबरच आहे, दवाखान्यातही ओढतातच.

म्हणून माझं मत 'ओढ'ला.

ऐरोलीकर

ताई, ओढ शब्द गोड आहे, पण फार ठिकाणी कामाला आहे. घराची ओढ लागते. आणि पावसाने ओढ दिली म्हणजे पाऊस आलाच नाही! भाच्याने "गाडीने ओढ दिली" म्हटलं तर मी काय समजायचं?

रबाळे एमआयडीसी

थोडं गणित करू, शब्द आपोआप सुटा होईल. आकडे ढोबळ आहेत.

चालकासकट गाडी १,००० किलोची धरा. पुढची चाकं ओढणारी असेल तर पुढे साधारण ६०० किलो भार येतो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर पुढची चाकं रस्त्याला जास्तीत जास्त ४८० किलो जोराने ढकलू शकतात. ओल्या रस्त्यावर ०.४ धरा, म्हणजे २४०. ही झाली पकड. ती टायर, रस्ता आणि भार यांची. इंजिनाचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता इंजिन. ११५ न्यूटन-मीटरचं टॉर्क (फिरवण्याचा जोर), पहिल्या गिअरला एकूण १४ पट, चाकाची त्रिज्या २९ सेंटीमीटर. वाटेतली दहाएक टक्के गळती वजा जाता चाकाशी साधारण ५१० किलोचा जोर येतो. ही ओढ. कंपनीतून आलेली गाडी अशी काठावरच असते, पाय दाबला तर जरा चिरकते, बस्स. सुपरचार्जरने टॉर्क १६० वर नेला की ओढ होते ७०० च्या पुढे. पकड तिथेच, ४८०. उलट निघताना गाडीचा भार मागे जातो आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे तेवढीही नाही. दुसऱ्या गिअरला ओढ ३८० च्या आसपास येते, म्हणून उन्हाळ्यात गाडी दुसऱ्याला सरळ पळते आणि जुलैमध्ये दुसऱ्यालाही घसरते.

ओढ आणि पकड यांत जी कमी, तेवढंच तुमचं ट्रॅक्शन. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोसारखी एक्झॉस्टची वाट पाहत नाही, त्यामुळे कमी आरपीएमलाच (फेऱ्यांनाच) ओढ अंगावर येते. नेमकी तेव्हाच ती नको असते.

ऐरोलीकर

हे वाचल्यावर आठवलं. परवा सकाळी रिमझिम होती. गायमुखच्या चढावर ट्रक थांबला म्हणून भाचा थांबला. निघताना बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज चढला, डावं चाक सर्रकन फिरलं, गाडी मात्र जागेवर. मागून हॉर्न. भाच्याने पाय अर्धा उचलला तेव्हा कुठे गाडी हलली. गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो हात पुसत म्हणाला, "ओढ भरपूर आहे हो, पण रस्ता धरायला नको?"

रस्ता धरणे! हे कुठल्या कोशात आहे?

नौपाडा

कोशात कशाला हवं? बैल पाय रोवतो, चाक रस्ता धरतं. 'गाडी रस्ता धरत नाही' यात तुमचं अख्खं ट्रॅक्शन बसलं. नामाच्या मागे लागलं की अडतं. मराठी असल्या जागी क्रियापद पुढे करते.

पामबीच

डावंच चाक का फिरलं, तर साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांमध्ये) ज्या चाकाखाली निसरडं असेल त्याच्याकडे फिरणं जातं. त्याला एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) बसवा म्हणावं, आणि त्याआधी चांगले टायर घ्या. आमच्यात हौशी लोक आधी बूस्ट वाढवतात, टायर पुढच्या दिवाळीला.

शिवाय पासिंगचं काय केलंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. मंजुरीशिवाय मूळ रचनेत असा बदल चालत नाही. आरटीओचा माणूस शब्दकोश काढत बसणार नाही.

ऐरोलीकर

पासिंगचा विषय भाच्याशी काढला की तो गाणं लावतो. बघतो.

सुपरचार्जरचं काय? एका कोशात 'अतिभारक' दिसला.

रबाळे एमआयडीसी

अतिभारक चुकीचा. तो चार्ज विजेचा नाही, सिलिंडरमध्ये भरल्या जाणाऱ्या हवेचा आहे. आजकाल तर सुपरचार्जर म्हटलं की लोकांना विजेच्या गाडीचं चार्जिंग आठवतं, त्यात हा भार कशाला?

मूळ वस्तू म्हणजे भाता. अमेरिकेतल्या इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तो मोटारीसाठी नव्हताच. मोटारच नव्हती. पुढे भट्ट्यांना हवा द्यायला असे ब्लोअर वापरले गेले आणि मग ते मोटारीच्या इंजिनावर येऊन बसले. जर्मन लोक सरळ 'कोम्प्रेसर' म्हणतात, मर्सिडीजच्या मागे तसं लिहिलेलंही असायचं. ऑडीने तर ३.० टीएफएसआयमध्ये सुपरचार्जर घालूनही टी अक्षर ठेवलं, त्यामुळे लोक टर्बो समजून चालले. नावांचा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

कळवा कारशेड

भाता फुंकर घालतो हो, इथे हवा कोंबतात. ठासणीची बंदूक आठवा. हवाठासणी कसा वाटतो?

नौपाडा

ठासून आवडला!

रबाळे एमआयडीसी

ठासणी अर्थालाही बरोबर आहे, कारण ठासलं की तापतं, आणि तिथूनच रिलायबलचं दुखणं सुरू होतं. ७ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब वरून. ३५ अंशांची हवा रूट्स पद्धतीच्या ठासणीतून निघते तेव्हा ती शंभर अंशांच्या आसपास पोचलेली असू शकते. मध्ये इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) नसेल तर तीच सिलिंडरमध्ये जाते. मग ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणच पेटतं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हाच नॉक. दोनदा आला तर इंजिन सोसतं, रोज आला तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. उपाय साधेच आहेत: ९५ किंवा वरचं ऑक्टेन, ठिणगी थोडी उशिरा, पेट्रोल जरा सढळ, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग. आणि ट्यूनिंग भर दुपारी करावं. पहाटे पाचला पामबीचवर सुरेख चालणारी गाडी दुपारी दोनला ऐरोली पुलाच्या रांगेत खडे वाजवते.

ऐरोलीकर

म्हणजे रिलायबलला 'विश्वासार्ह'?

नौपाडा

विश्वासार्ह बातमी असते, साक्षीदार असतो. इंजिन भरवशाचं असतं. नसलं तर ते दगा देतं. टिकाऊ निराळं. काही इंजिनं २० वर्षं टिकतात आणि दर पावसाळ्यात एकदा दगा देतात. आमच्याकडे तशी एक स्कूटर होती, तिचं नाव काढणार नाही.

पामबीच

भरवशाच्या म्हशीला टोणगा!

ऐरोलीकर

मंडळी, आज गाडी परत आली. बूस्ट उतरवलाय, इंटरकूलर बसला, टायरचे पैसे मामाने उसने दिले. पासिंगचे कागदही हलले, मी पुन्हा विचारल्यावर गाणं लागलं नाही. आमची हवाठासणी भाच्याला ऐकवली तर तो दोन मिनिटं हसला आणि त्याने गॅरेजचं बिल पुढे केलं. निळ्या बॉलपेनने, तिरक्या अक्षरात लिहिलंय:

'हवापंपाचा पट्टा, १ नग.'