मदत हवी आहे: टीएनएफ रोखला तर आतडं सुधारतं, मग आयएल-१७ रोखला तर बिघडतं का?

नमस्कार मंडळी. (टीएनएफ, आयएल-१७ म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप नेणारी, सूज वाढवणारी प्रथिनं.) आमचे दाजी इथे सोलापुरातच असतात, त्यांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार) आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टर इंजेक्शनवर आले. बोलणं सेक्युकिनुमॅबचं (आयएल-१७ रोखणारं औषध) चाललं होतं, तेवढ्यात दाजी बोलून गेले की अधूनमधून शौचाला रक्त पडतं. (मूळव्याध समजून गप्प होते. शेंगा चटणी मात्र दोन्ही वेळ.) लगेच कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी), मग कोलोनोस्कोपी, त्यात व्रण निघाले. टीबीची तपासणी करून आता टीएनएफ रोखणारं अडॅलिमुमॅब ठरलंय. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला सूज असताना आयएल-१७ वालं नको."

औषधाचं डॉक्टर बघतील. पण मी बीएस्सीच्या पोरांना मायक्रो शिकवतो, कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

टीएनएफचं समजतंय. आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं, पेशींमधल्या फटी क्लॉडिन, ऑक्लुडिन वगैरे प्रथिनं बंद ठेवतात. टीएनएफ वाढला की पेशीत मायोसिन लाइट चेन कायनेज हे विकर वाढतं, पेशीतला अ‍ॅक्टिन-मायोसिन तंतूंचा पट्टा आवळतो आणि पेशी-पेशींमधले सांधे सैल होतात. इंटरफेरॉन गॅमा या तसल्याच निरोप्या प्रथिनाची त्याला साथ. म्हणजे टीएनएफ रोखला की गळती कमी.

पण आयएल-१७ सुद्धा सूज वाढवणाराच ना? सोरायसिसमध्ये तो रोखला की कातडी साफ होते. मग २०१२ साली छापून आलेल्या क्रोन्सच्या (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) चाचणीत सेक्युकिनुमॅबचा उपयोग तर नाहीच, उलट प्लासिबोपेक्षा त्रास जास्त, हे कसं?

पोटोबा: सर, कातडीचा हिशेब आतड्याला लावू नका. उंदरांत दिसलंय की अस्तराला इजा झाली की तिथल्या गॅमा-डेल्टा टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) आयएल-१७ सोडतात. तो अस्तराच्या पेशीतल्या अ‍ॅक्ट-१ या प्रथिनामार्फत ऑक्लुडिनला सांध्यावर धरून ठेवतो. शिवाय जंतुनाशक पेप्टाइडंही पाझरतात. तो रोखलात तर डागडुजीच थांबते. गंमत म्हणजे या आयएल-१७ ला आयएल-२३ (एरवी आयएल-१७ सोडायला लावणारं निरोप्या प्रथिन) लागत नाही, म्हणून आयएल-२३ रोखणारं रिसान्किझुमॅब क्रोन्सला चालतं. मणक्याच्या दुखण्याला मात्र ते लागू पडलं नाही. अडॅलिमुमॅब दोन्हीकडे चालतं, म्हणून दाजींना ते.

धागाकर्ता: वा, आयएल-२३ चं डोक्यातच आलं नव्हतं! आता पुढचं सांगा. एटानर्सेप्टही टीएनएफच रोखतं, मणक्याला चालतं, मग क्रोन्सला का नाही?