लाइट गेल्यावर गॅरेजचं दार उघडायला बॅटरी हवीच का?

खटपट्या
गॅरेजचं दार मोटरने उघडणारा नवीन ओपनर बघायला गेलं की हल्ली जो तो आधी बॅटरी बॅकअपचंच विचारतो, आणि बिनबॅटरीचं मॉडेल घेतोय म्हटलं की असे बघतात जणू बिनब्रेकची गाडी घेतोय. म्हणून धागा काढतोय. माझं मत: बहुतेक घरांना याची काही गरज नाही. ओपनरच्या ट्रॉलीला (म्हणजे मोटर ज्या सरकत्या भागाने दार ओढते त्याला) एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की ट्रॉली दारापासून सुटते आणि दार हाताने वर सरकवता येतं, झालं. लोकांना वाटतं मोटर दार उचलते, पण तसं नसतं हो, दोन गाड्यांचं पत्र्याचं दार सत्तर-ऐंशी किलोचं सहज असतं आणि ते सगळं वजन स्प्रिंगा पेलतात, मोटर नुसती ढकलते-ओढते. स्प्रिंगांचा ताण नीट असेल तर तेच दार चार-पाच किलोच्या जोरात वर जातं. आणि ताण नीट नसेल किंवा स्प्रिंगच तुटली असेल तर बॅटरी असून उपयोग काय, मोटरलाही ते दार उचलणार नाहीये! मग जो खर्च करायचा तो स्प्रिंगांवर करा ना. त्यात ती बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते ते वेगळंच.

निवांत
+१. आणि मान टाकली की गप्प पण बसत नाही, टीं... टीं... सुरू, ते पण रात्रीच. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी वैतागून बॅटरी काढून ठेवलीय आणि नवीन आणू आणू म्हणत राहिलेत. कागदावर बॅकअप, प्रत्यक्षात रिकामा खण.

सांजवेळ
सपशेल असहमत. चार-पाच किलोचा जोर कोणासाठी, खटपट्या? तुमच्यासाठी. ज्या बाईंचा खांदा आखडलाय, जे आजोबा काठीशिवाय उभे राहत नाहीत, जो माणूस व्हीलचेअरवर आहे, त्यांनी ती दोरी गाठायची कशी? ती साधारण सहा फुटांवर लटकत असते, बऱ्याचदा नेमकी गाडीच्या टपावर, आणि लाइट गेलेली म्हणजे डोळ्यांपुढे अंधार.

ही काही कल्पनेतली भीती नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा लाइट गेली आणि गॅरेजचं दार न उघडल्यामुळे माणसं अडकली, त्यात किमान पाच जण गेले असं तिथलं विधेयक मांडताना सांगितलं होतं. ते विधेयक म्हणजे एसबी ९६९, सिनेटर बिल डॉड यांचं. २०१८ साली मंजूर झालं आणि १ जुलै २०१९ पासून तिथे बॅटरी बॅकअप नसलेला घरगुती ओपनर विकायलाही बंदी आणि बसवायलाही, दर ओपनरमागे १००० डॉलर दंड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारा सुटला की वणवा लागू नये म्हणून तिथल्या वीज कंपनीने मुद्दाम लाइन बंद ठेवल्या, लाखो लोक अंधारात. म्हणजे जेव्हा पळायची वेळ येऊ शकते नेमकी तेव्हाच लाइट नसणार हे आधीच ठरलेलं! आता सांगा लाल दोरी.

खटपट्या
वणव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याने घ्यावीच, मी कुठे नाही म्हणतोय. माझा आक्षेप सक्तीला आहे. त्याच कायद्यात असंही आहे की तुम्ही नुसतं दार बदललंत तरी ते बॅटरी नसलेल्या जुन्या ओपनरला जोडता येत नाही. म्हणजे चांगला चालणारा ओपनर भंगारात. आणि बरं, एवढं करून बसवलेली बॅटरी तीन वर्षांनी जिवंत आहे का हे बघायला कोण येणार? निवांत म्हणतायत तो रिकामा खण कायद्याला दिसत नाही. दोरी मात्र दहा वर्षांनीही दोरीच असते. माझं म्हणणं, माणसांना दार हाताने उघडायला शिकवा. घरातल्या किती जणांनी ती दोरी कधी ओढून बघितलीय? विचारा आज घरी.

सांजवेळ
शिकवा की, बॅटरी लावली म्हणून दोरी कोणी कापत नाही! दोन्ही असू दे. सक्तीचं म्हणाल तर अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या ओपनरना दाराखाली कोणी सापडू नये म्हणून सेन्सर किंवा तशी सोय बंधनकारक झाली, तेव्हाही लोक कुरकुरले असतीलच, मुलांवर लक्ष ठेवा की म्हणून. आज सेन्सर काढून टाका म्हणणारा एक तरी भेटतो का?

निवांत
सेन्सर दर तीन वर्षांनी नवा घ्यावा लागत नाही हो ताई 🙂

जुना_वायरमन
दोन्ही बाजूंनी भावनिक चाललंय म्हणून थोडं गणित टाकतो. या ओपनरमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, साडेचार-पाच अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, म्हणजे ढोबळ ६० वॅट-अवर. दार एकदा उघडायला पंधरा-वीस सेकंद लागतात, त्याला एक-दीड वॅट-अवर धरा, तर नुसत्या उघडझापीला ती भरपूर पुरते. तिला खाऊन टाकतो तो रिकामा वेळ, कारण रिमोट ऐकण्यासाठी आतलं सर्किट सतत जागं असतं, ते पाच वॅट घेत असेल तर बारा तासांत बॅटरी संपली, दार एकदाही उघडलं नसलं तरी. तेव्हा दोन दिवस लाइट नाही आणि बॅटरीच्या भरवशावर बसलोय असं करू नका. ती पहिल्या काही तासांची सोय आहे, आणि जीव वाचवायला तेवढीच लागते, म्हणून मी सांजवेळच्या बाजूने.

पण खटपट्या स्प्रिंगबद्दल बोलले ते शंभर टक्के खरं आहे आणि ते कोणी मनावर घेत नाहीये. दार बंद असताना दोरी ओढा, दार कमरेइतकं वर घ्या आणि हात ढिला करा. जागच्या जागी थांबलं तर स्प्रिंगा ठीक. खाली धावलं किंवा वर पळालं तर माणूस बोलवा, स्वतः पाना घेऊन चढू नका, त्या स्प्रिंगेत हात मोडायइतका ताण असतो. दार उघडं असताना मात्र दोरी ओढून बघायची नाही, स्प्रिंग तुटलेली असली तर सगळं दार धाडकन खाली येतं. बॅलन्स बिघडलेल्या दाराला बॅटरीवर मोटरची दमछाक होते ती वेगळी, कारण बॅटरीवर ती तशीही हळू चालते आणि ओपनरचा दिवाही बऱ्याच मॉडेलमध्ये लागत नाही.

निवांत
घराला इन्व्हर्टर असेल तर? ओपनरची पिन त्यात घातली की झालं ना, वेगळी बॅटरी कशाला.

जुना_वायरमन
डीसी मोटरचा ओपनर असेल तर छान चालतं. जुना एसी मोटरवाला असेल तर सुरू होताना काही पट जास्त करंट ओढतो, छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि साइन वेव्ह नसलेल्या (म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वीज न देणाऱ्या) इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते. पण अशा जुन्या ओपनरला बॅटरी किट सहसा बसवताही येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे मोठा साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हाच मार्ग बरा. आणि एक, गॅरेज उन्हात तापणारं असेल तर लेड-ॲसिडचं आयुष्य अजून घटतं, थंडीत ती कमी देते. विकणारे हे सांगत नाहीत.

कडीकोयंडा
एक मुद्दा कोणीच काढला नाही. लाल दोरी ओढली की दाराला कुलूप राहत नाही! रोज दार बंद धरून ठेवतो तो ओपनरच. हाताने दार खाली ओढून तुम्ही निघून गेलात की बाहेरून कोणीही तेच दार चार-पाच किलोच्या जोरात उचलणार, खटपट्या म्हणतात तसंच. लाइट गेलेल्या गल्लीत अख्खं घर उघडं. बॅटरी असली तर दार ट्रॉलीला जोडलेलंच राहतं. माझ्या मते आगीपेक्षा हे रोजच्या कामाचं कारण आहे.

खटपट्या
बरोबर आहे, पण आतून सरकवायचा अडसर मिळतो, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. (तो लावलेला असताना चुकून बटण दाबलं की दार वाकतं ते सोडा, लाइट आल्यावर आधी अडसर काढायचा एवढं लक्षात ठेवायचं.)

कडीकोयंडा
"एवढं लक्षात ठेवायचं" 😄 बॅटरी बदलायचं लक्षात राहत नाही म्हणणारी माणसं अडसर काढायचं लक्षात ठेवणार. आणि बाहेर जाताना आतला अडसर लावायचा कसा ते पण सांगा.

खटपट्या
घरातून जायचं दार असतं की.

नवखी
तेच विचारायचं होतं. आमचं गॅरेज घरापासून सुटं आहे, मोठं दार सोडून दुसरी वाट नाही. लाइट गेली आणि मी बाहेर असेन तर लाल दोरी आत! मग काय करायचं? मोबाइलवरचं ॲप आहे पण.

जुना_वायरमन
ॲप विसरा, राउटर बंद तर ॲप पण बंद. रिमोट चालेल, पण बॅटरी असेल तरच. तुमच्यासारख्या गॅरेजला बॅटरी घ्याच, आणि शिवाय दाराच्या वरच्या भागात बाहेरून किल्लीचं रिलीज कुलूप बसवून घ्या. किल्ली फिरवली की कुलपाचा गड्डा बाहेर येतो, त्याला बांधलेली तार ओढली की ट्रॉली सुटते. बॅटरी मेली तरी ते चालतं. बसवल्यावर एकदा उजेडी, कोणीतरी आत उभं असताना करून बघा, तार सैल राहिली तर किल्ली फिरते पण काही सुटत नाही. आणि ती किल्ली गॅरेजच्या आत टांगू नका, हे सांगावं लागतं.